शोधाच्या पानावर लेखकाचं नाव परत लावा

प्रति,
श्री. सुंदर पिचाई,
मुख्य कार्यकारी अधिकारी, गूगल



आपल्या कंपनीने २८ ऑगस्ट २०१४ रोजी बंद केलेल्या एका सोयीबद्दल हे पत्र आहे. तो निर्णय आपला नव्हता. सर्च विभाग आपल्या देखरेखीखाली आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात. त्यामुळे जाब विचारण्यासाठी नव्हे, मागणी करण्यासाठी लिहिते आहे. मागणी अशी की, शोधाच्या निकालात लेखाच्या मथळ्याखाली तो लिहिणाऱ्याचं खातरजमा केलेलं नाव दिसावं. ते टोपणनाव असलं तरी चालावं, आणि त्यासाठी कुणाकडे छायाचित्र किंवा ओळखपत्र मागितलं जाऊ नये.

पत्र मराठीत आहे. भाषांतराची सोय आपल्या घरचीच आहे, तेव्हा अडचण येऊ नये.

ज्यांनी ती जुनी सोय पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जून २०११ मध्ये गूगलने 'ऑथरशिप' जाहीर केली. ब्लॉगवरच्या लेखात लेखकाच्या नावाला दुवा द्यायचा आणि त्या दुव्याला 'रेल-ऑथर' अशी खूण जोडायची. हा दुवा जायचा गूगल प्लस या गूगलच्याच समाजमाध्यमावरच्या त्याच्या पानाकडे. त्या पानावर 'मी कुठे कुठे लिहितो' अशी एक यादी असे, तीत आपल्या ब्लॉगचा पत्ता टाकायचा. म्हणजे लेखाने सांगायचं, हा माझा लेखक. आणि लेखकाने सांगायचं, हो, हा लेख माझाच. दोन्हीकडून होकार मिळाला की शोधाच्या निकालात लेखाशेजारी लेखकाचं छोटं छायाचित्र आणि नाव येई. ज्यांच्याकडे स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा ई-मेल होता त्यांना ई-मेलने खातरजमा करण्याची वेगळी वाटही होती. ब्लॉगस्पॉटवर फुकटात लिहिणाऱ्यांकडे असा ई-मेल कुठून असणार? त्यांनी दुव्यांचाच मार्ग धरला. म्हणजे ज्यांनी टेम्प्लेटमध्ये हात घालायचं धाडस केलं त्यांनी. बाकीच्यांनी ते पान उघडलं, कोड पाहिला आणि बंद केलं.

पुढे ही सोय टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली. डिसेंबर २०१३ मध्ये किती निकालांत नावं दाखवायची त्याला कात्री लागली. जून २०१४ मध्ये छायाचित्रं गेली. ऑगस्टमध्ये आपल्याकडचे जॉन म्युलर यांनी सगळंच थांबवल्याचं कळवलं. कारण असं दिलं की ही माहिती वाचकांना वाटली होती तितकी उपयोगी पडत नाही, कधी कधी उलट लक्ष विचलित करते, आणि ती काढल्याने संकेतस्थळांकडे जाणारी वर्दळ साधारणपणे घटत नाही.

छायाचित्रांपुरतं मला हे पटतं. त्या तीन वर्षांत शोध-विपणन करणाऱ्यांनी कुठला चेहरा लावला, हसरा की गंभीर, डावीकडे पाहणारा की समोर, म्हणजे क्लिक वाढतात याच्या इतक्या चाचण्या केल्या की लेखकत्व बाजूला राहून त्याचा फोटो स्टुडिओ झाला. ते थांबलं हे बरंच झालं. पण नावाला लावलेला निकष मला मुळातच चुकीचा वाटतो. नाव दिसल्याने क्लिक वाढले नाहीत, म्हणून नाव निरुपयोगी, असा तो हिशेब आहे. ग्रंथालयातल्या कार्डावर लेखकाचं नाव असतं ते पुस्तक जास्त उचललं जावं म्हणून नसतं. हे कुणी लिहिलं, या प्रश्नाचं ते उत्तर असतं, आणि एखाद्या वाचकाला त्याचं काही पडलेलं नसलं तरी उत्तर जागेवर असावं लागतं.

आपल्याच घरात पाहा. गूगल स्कॉलरवर प्रत्येक शोधनिबंधाखाली लेखकांची नावं असतात. संशोधक आपलं पान तयार करतो, आपले निबंध स्वतःचे म्हणून निवडतो आणि संस्थेच्या ई-मेलने स्वतःची खातरजमा करून घेतो. ती सोयही २०११ सालचीच आहे आणि आजही चालू आहे. तिच्यामुळे किती क्लिक वाढले असं विचारून ती कुणी बंद केली नाही. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओखाली वाहिनीचं नाव येतं. ते नाव कितीही काल्पनिक असलं तरी आपल्याला चालतं. मे २०२३ मध्ये आपण 'पर्स्पेक्टिव्ह्ज' नावाची गाळणी जाहीर केली. समाजमाध्यमांवर मजकूर टाकणाऱ्यांची नावं आणि चेहरे तीत दाखवायचे होते. म्हणजे प्राध्यापकाला नाव आहे, व्हिडिओवाल्याला नाव आहे. स्वतःच्या ब्लॉगवर दहा-पंधरा वर्षं निगुतीने मजकूर लिहिणाऱ्यालाच तेवढं नाही.

मराठीत ही गोष्ट जास्त लागते. आमच्याकडे लेखकाचं नाव उडणं आणि दुसऱ्याचं नाव चिकटणं हे दोन्ही प्रकार फार जुने आहेत. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा कुणी त्यांचे अभंग स्वतःचे म्हणून गात असे, असं परंपरा सांगते. गाथेत त्याला उद्देशून अभंगही आहेत. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव गुंफलेलं असतं, म्हणजे नक्कल केली तरी नाव बरोबर जावं अशी रचनेतच तजवीज. तरी सालोमालोला ती आड आली नाही. आणि उलट बाजूला, शेवटी 'तुका म्हणे' असलेल्या पण तुकोबांच्या नसलेल्या रचना इतक्या झाल्या की प्रक्षिप्त कोणत्या आणि अस्सल कोणत्या हे ठरवण्यात अभ्यासकांची आयुष्यं गेली. मजकुरात नाव लिहिलेलं असणं पुरत नाही, हे आम्ही साडेतीनशे वर्षं पाहत आलो आहोत. मजकुराने सांगितलेल्या नावाला लेखकाच्या बाजूनेही दुजोरा हवा. आपल्या २०११ च्या दुहेरी दुव्यात नेमकी हीच गोष्ट होती, म्हणून तो मला आजही शहाणपणाचा वाटतो.

आजचे सालोमालो व्हॉट्सॲपवर आहेत. ब्लॉगवरचा लेख उचलायचा, खालचं नाव कापायचं, 'वाचनात आलं, आवडलं, लेखक माहीत नाही' असं लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं. तिसऱ्या-चौथ्या हाताला कुणाला तरी वाटतं की इतकं चांगलं कुणी अनामिकाने कसं लिहिलं असेल, आणि खाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांचं नाव येतं. या दोघांनी हयातीत जितकं लिहिलं त्यापेक्षा निधनानंतर व्हॉट्सॲपवर जास्त लिहिलं असावं. व्हॉट्सॲप आपलं नाही, हे मला माहीत आहे. पण एखादा चोखंदळ वाचक शंका घेतो, त्या मजकुरातलं एक वाक्य उचलतो आणि शोधून पाहतो. ते तो आपल्या पानावर शोधतो. तिथे त्याला एकच मजकूर पाच ठिकाणी दिसतो: एका बातम्यांच्या संकेतस्थळावर, दोन 'प्रेरणादायी विचार' छाप पानांवर, कुठल्या तरी समाजमाध्यमावर आणि एका ब्लॉगवर. मूळ कोणतं, हे सांगणारी एकही खूण त्या पाच निकालांत नसते. तो पहिल्यावर क्लिक करतो आणि समाधान मानतो.

माझ्या ओळखीतल्या एक बाई पाककृतींचा ब्लॉग लिहितात. त्यांची थालीपिठाच्या भाजणीची कृती एका संकेतस्थळाने जशीच्या तशी उचलली. जशीच्या तशी म्हणजे 'आमच्या घरातल्या पितळी वाटीने दोन वाट्या' हेही तसंच. ज्या पानामागे घर नाही, स्वयंपाकघर नाही, कुणी माणूसही असल्याचं दिसत नाही, त्याच्याकडे पितळी वाटी मात्र आली. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण भाजणी शोधणाऱ्याला आधी ते पान दिसतं, बाईंचा ब्लॉग बऱ्याच खाली.

याचं तांत्रिक कारण आपल्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आपले यंत्र-वाचक मोठ्या, सतत बदलणाऱ्या संकेतस्थळांकडे वारंवार जातात आणि महिन्यातून एखादा लेख टाकणाऱ्या ब्लॉगकडे कमी वेळा. त्यामुळे नक्कल आधी वाचली जाऊन मूळ लेख नंतर वाचला जाण्याचा संभव राहतो. लेखावर छापलेली तारीख पुरावा धरता येत नाही, कारण ती कुणालाही मागे नेता येते. २००९ मध्ये आपण, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मूळ पान कोणतं हे सांगणारी 'कॅनॉनिकल' ही खूण आणली, पण ती लावायची नक्कल असलेल्या पानाने. चोराने आपणहून पाटी लावावी, अशी अपेक्षा ती पुरी करू शकत नाही. ती त्या कामासाठी नव्हतीच.

आता टोपणनावांविषयी. २०११ ची व्यवस्था इथेच सर्वात जास्त चुकली. ऑथरशिप गूगल प्लसला बांधलेली होती, आणि गूगल प्लस त्या वर्षी २८ जूनला सुरू झालं तेव्हापासून खऱ्या नावाचा आग्रह धरून होतं. त्यानंतर टोपणनावाने वावरणाऱ्या अनेकांची खाती अडवली गेली आणि जगभर ओरड झाली. जुलै २०१४ मध्ये आपल्या कंपनीने ती अट काढली, झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागितली. मग दीड महिन्यात ऑथरशिपच बंद केली. टोपणनावांसाठी दार उघडलं आणि लगेच खोली पाडली, असा तो प्रकार झाला. आणि २ एप्रिल २०१९ रोजी सर्वसामान्यांचं गूगल प्लसही बंद पडलं. ज्यांनी कष्टाने दुवे जोडले होते त्यांचे दुवे कुठेच जाईनासे झाले.

मराठी वाङ्मयातून टोपणनावं वगळली तर काय उरतं पाहा. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. माणूस एक, नावं तीन, आणि वाचकाला तिन्हींकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठाऊक. जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवत. वाचकांना ठणठणपाळ घरी कोण आहे यापेक्षा या महिन्याचा ठणठणपाळ मागच्या महिन्याचाच आहे ना, याचं महत्त्व होतं. त्याची हमी 'ललित'चं पान देत होतं. चि. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू होते. यातल्या कुणालाही 'एक माणूस, एक नाव, एक चेहरा' या चौकटीत बसवता येत नाही.

आणि १९३३ साली आलेलं 'कळ्यांचे निःश्वास'. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्या पुस्तकाने उघड लिहिलं आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. लेखिका विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, बाईच आहे की पुरुष, याचे तर्क लढवले गेले, नाव उघड करण्याचा आग्रह झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. टोपणनावाचा आडोसा नसता तर त्या वयात, त्या नोकरीत त्यांनी ते लिहिलं असतं का, याची मला शंका आहे. आज ब्लॉगवर अशा विभावरी आहेत. कुणी सासरच्या घुसमटीबद्दल लिहितं, कुणी जातीबद्दल, कुणी सरकारी खात्यातल्या कारभाराबद्दल आणि सेवेच्या नियमांमुळे नावानिशी लिहू शकत नाही. त्यांना ओळख लपवायची असते, लेखकत्व सोडायचं नसतं. ही बारीक गोष्ट २०११ च्या व्यवस्थेला कळली नव्हती. पुन्हा करणार असाल तर खातरजमा एवढ्याच गोष्टीची करा, की ही लेखणी तीच आहे. ती कुणाच्या हातात आहे हे विचारू नका.

या यादीत मालतीबाईंचं उदाहरण आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. खरे, बेडेकर, शिरूरकर. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी ब्लॉगलेखिकांचे आधीचे लेख एका आडनावावर आणि नंतरचे दुसऱ्या आडनावावर आहेत. काही जणी दोन्ही आडनावं लावतात, काहींनी घटस्फोटानंतर आडनावच टाकलं. शिवाय आमच्याकडे नाव कधी पूर्ण, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहिलं जातं, कधी नुसत्या आद्याक्षरांनी. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाचे फरक असतात, रोमन लिपीत तर एकाच देशपांड्यांची चार स्पेलिंगं होतात. वर एकाच नावाची माणसं अमाप; पुण्यात एखाद्या कुलकर्ण्याचं नाव-आडनाव शोधा, किती निघतात ते पाहा. यंत्राला वाटतं की हे सगळे एकच आहेत किंवा एक असलेला चार आहे. म्हणून लेखकाच्या पानावर त्याला स्वतःची सगळी नावं, सगळ्या लिप्यांत, स्वतः नोंदवता आली पाहिजेत, आणि त्यातलं कोणतं दाखवायचं आणि कोणतं झाकून ठेवायचं हे त्याच्या हाती असलं पाहिजे.

आपले लोक म्हणतील की हे सगळं आता आहेच. जून २०११ मध्येच आपण, बिंग आणि याहू यांनी 'स्कीमा' नावाचा एक सामायिक शब्दसंग्रह आणला. त्यात लेखाच्या लेखकाचं नाव आणि त्याच्या पानाचा पत्ता देता येतो. नोव्हेंबर २०२३ पासून लेखकाच्या परिचय-पानाचीही नोंद आपण वाचता. लेख कुणी लिहिला हे वाचकाला सहज कळतं का, असा प्रश्न आपल्या मार्गदर्शक सूचनांत संकेतस्थळवाल्यांना विचारलेला आहे. अनुभव, जाणकारी, अधिकार, विश्वासार्हता हे चार निकष आपले परीक्षक लावतात. त्यातला अनुभव हा डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने जोडला. हे सगळं योग्य आहे. पण आपण आम्हाला विचारता की नाव आहे का, आणि आम्ही सांगितलेलं नाव वाचकाला दाखवत नाही.

दुसरं असं की 'स्कीमा'तलं नाव एकतर्फी असतं. पान म्हणेल ते. नोव्हेंबर २०२३ मध्येच 'फ्यूचरिझम'ने 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'विषयी एक बातमी दिली: त्या जुन्या, नामांकित अमेरिकी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर काही लेखांचे लेखक अस्तित्वातच नव्हते. त्यांच्या परिचयात आवडीनिवडी होत्या आणि छायाचित्रं यंत्राने बनवलेल्या चेहऱ्यांची होती. प्रकाशकांनी तो मजकूर बाहेरच्या कंपनीकडून आल्याचं सांगितलं आणि काढून टाकला. नाव, छायाचित्र, परिचय, तिन्ही असून लेखक नाही. आणि इकडे विभावरीसारखी, जिचं नाव खरं नाही, छायाचित्र नाही, पण लेखक मात्र खरी. कागदोपत्री तपासणीत पहिला उत्तीर्ण होईल आणि दुसरी नापास.

दुहेरी खातरजमा अवघड नाही. मॅस्टोडॉन हे ना-नफा तत्त्वावर चालणारं छोटं जाळं आहे. तिथे आपल्या पानावर ब्लॉगचा पत्ता द्यायचा, ब्लॉगवर 'रेल-मी' या खुणेसह उलटा दुवा द्यायचा. दोन्ही जुळले की पत्ता हिरवा होतो. कुणी ओळखपत्र मागत नाही. २०२४ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: एखाद्या लेखाचा दुवा तिथे दिला की त्याखाली लेखकाचं नाव येतं. ते यायचं असेल तर लेखाच्या पानावर लेखकाची खूण हवी आणि लेखकाने आपल्या सेटिंगमध्ये 'या संकेतस्थळाला माझं नाव लावण्याची मुभा आहे' असं नोंदवलेलं हवं. म्हणजे सालोमालोही अडला आणि खोटा 'तुका म्हणे'ही. मोजक्या माणसांच्या संस्थेला हे जमतं तर गूगलला माणसं कमी पडतात असं म्हणता येणार नाही.

कायद्याचा उपाय आहे की, असंही कुणी म्हणेल. आहे. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चं कलम ५७ लेखकाला 'हे माझं आहे' असं सांगण्याचा हक्क देतं, आणि प्रताधिकार विकला तरी तो हक्क त्याच्याकडेच राहतो. नोंदणीचीही गरज नाही. इंटरनेटवरच्या नकलेबद्दल तक्रार केली तर मध्यस्थाने ३६ तासांत कारवाई करावी असा नियमही आहे. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो मजकूर परत दिसू शकतो. भाजणीच्या कृतीसाठी कोण न्यायालयात जाईल? टोपणनावाने लिहिणारीला तर तोही रस्ता बंद, कारण तक्रार खऱ्या नावाने करावी लागते. आपल्याकडे येणाऱ्या प्रताधिकाराच्या तक्रारी 'ल्यूमेन' या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवल्या जातात आणि तक्रारदाराचं नाव तिथे कुणालाही वाचता येऊ शकतं. चोरी थांबवण्यासाठी जी गोष्ट जपायची तीच उघडी करायची. निकालाखाली नाव आधीच असतं तर निम्म्या तक्रारींची वेळच आली नसती, असं मला वाटतं.

एक गोष्ट मी मागत नाही, तीही सांगते. नावाच्या बळावर लेखाला वरची जागा देऊ नका. २०११ ते २०१४ मध्ये शोध-विपणनवाल्यांना 'ऑथर रँक'ची स्वप्नं पडत होती. लेखकाची पत मोजून निकालांचा क्रम लावला जाईल, असं ते म्हणत. तसं झालं तर वर्तमानपत्रांतली ठरलेली चार नावं कायमची वर बसतील आणि नव्याने लिहू लागलेल्या सांगोल्याच्या मुलाचा लेख कितीही चांगला असला तरी तळाशी राहील. क्रम आपण लावता तसाच लावा. नाव फक्त दाखवा. एकच मजकूर अनेक ठिकाणी असेल तेव्हा मात्र ज्या पानाला लेखकाचा दुजोरा आहे ते मूळ माना; तिथे प्रश्न प्रतिष्ठेचा उरत नाही, मालकीचा असतो.

आणि हे आताच करण्याची निकड आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आपण निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश दाखवू लागलात. वाचकाला उत्तर तिथेच मिळतं. शेजारी दिलेल्या दुव्यांत संकेतस्थळाचं नाव असतं, माणसाचं नसतं. त्या सारांशातलं एखादं वाक्य कुणी तरी कुठल्या तरी गावात बसून, जुन्या माणसांशी बोलून, स्वतःच्या पायांनी किल्ला चढून लिहिलेलं असतं. मराठीत असा मजकूर आधीच थोडा. स्थानिक इतिहास, बोलीभाषा, देवराया, विस्मरणात गेलेले पदार्थ, बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळी यांवर पुस्तकं फारशी नाहीत; जे आहे ते पुष्कळसं ब्लॉगांवर आहे आणि त्याबद्दल कुणाला छदाम मिळालेला नाही. नाव हाच त्यांचा मोबदला होता. सारांशाने तोही घेतला तर पुढचा लेख कोण लिहील, हा व्यवहारी प्रश्न आहे, कारण आपल्या यंत्रालाही वाचायला काहीतरी लागणार.

सुरुवात कुठून करावी, तर ब्लॉगरपासून. ती सेवा फेब्रुवारी २००३ पासून आपल्या मालकीची आहे. मराठी ब्लॉगांचा मोठा भाग तिच्यावर आहे. लेख कोणत्या खात्यातून आणि खरोखर कधी प्रसिद्ध झाला, हे आपल्याच सर्व्हरवर नोंदलेलं असतं. छापलेली तारीख कुणी मागे नेली तरी ती नोंद हलत नाही. तिथे ना बाहेरचा दुवा लागतो, ना टेम्प्लेटमध्ये कोड. सेटिंगमध्ये एक चौकोन द्या, मराठीत: 'या ब्लॉगवरील लेखन माझे आहे, शोधाच्या निकालात या नावाने दाखवावे.' नावाची जागा मोकळी ठेवा, ज्याला जे लिहायचं ते तो लिहील. मग वर्डप्रेस आणि स्वतःच्या पत्त्यावर लिहिणाऱ्यांसाठी दुहेरी दुव्याची वाट उघडा, आणि या वेळी ती कुठल्याही एका समाजमाध्यमाला बांधू नका, म्हणजे ते बंद पडलं तरी नावं टिकतील.

ब्लॉग लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनीही तोवर वाट पाहत बसू नये. एक 'माझ्याविषयी' पान करा, टोपणनावानेच करा, प्रत्येक लेखातून त्याकडे दुवा द्या, नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, आणि दुसरीकडे कुठे लिहीत असाल तर दोन्ही ठिकाणांहून एकमेकांकडे दुवे ठेवा. गूगलने उद्या ही सोय आणली तर तुमची बाजू तयार असेल.

पिचाईसाहेब, ऑथरशिप बंद करताना आपल्या कंपनीने आकडे पाहिले होते. आता पुन्हा एकदा पाहा, पण या वेळी क्लिक मोजू नका. एकाच मराठी मजकुराचे पाच निकाल समोर घ्या आणि त्यातला मूळ लेख कुणाचा ते आपल्याच पानावरून ओळखता येतं का, एवढं आपल्या माणसांना तपासायला सांगा. उत्तर 'नाही' आलं, तर ब्लॉगरमधला तो चौकोन पुढच्या बदलांच्या यादीत घ्यावा, ही विनंती.

कळावे,

आपली,
एक मराठी ब्लॉगलेखिका